तारांना हात लावूनही न थांबणारी घरघर

अँप चालू केला, केबल लावली, गिटारचा व्हॉल्यूम वर नेला, आणि एकही तार न छेडता घूंऽऽ असा जाड आवाज सुरू झाला. आतून आई म्हणाली, "गिरण चालू केलास काय रे?" आमच्या बेळगावच्या वडगावात हा प्रश्न खोटा वाटत नाही. गल्लीत माग आहेत, दिवसभर त्यांचा खडखडाट असतो, त्यात आणखी एक यंत्र सुरू झालं तर कुणाला नवल वाटायचं नाही.

ही घरघर माझ्या गिटारला तीन वर्षांत चार वेळा लागली आणि तीन वेळा 'बरी' झाली. चौथ्या वेळी तिचं मूळ सापडलं. बेळगावात, खानापुरात, निपाणीत माझ्या ओळखीच्या ज्या ज्या पोरांकडे स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार आहे, त्यांतल्या बहुतेकांची हीच तक्रार आहे, आणि बहुतेकांनी माझ्यासारखाच चुकीच्या जागी पैसा घातला आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गिटार स्ट्रॅट घाटाची आहे. तारांचा कंप विजेत बदलणारे तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीचे, पिकअप, पाच ठिकाणी फिरणारा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन, आणि दांडी लावून हलवता येणारा ब्रिज, म्हणजे गिटारची घोडी. १९५४ साली फेंडरने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, त्याच रचनेची ही स्वस्त नक्कल. आतल्या वायरिंगचा नकाशाही तोच. त्यामुळे पुढे लिहिलेलं या घाटाच्या कुठल्याही गिटारला लागू पडेल.

आधी एक गोष्ट वेगळी काढायची. अँप बंद करून गिटार वाजवा. तरी तार झिणझिणत असेल तर ती विजेची तक्रार नाहीच, तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, घासते आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तासन्‌तास घासकाम करून जवारी काढतात, वाजवणारा सूत मागेपुढे सरकवून ती खुलवतो. तिथे तार घोडीला निसटती लागावी हीच इच्छा असते. गिटारला तसा स्पर्श नको असतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान थोडी हलते, आणि मे महिन्यात स्वच्छ वाजणारी तार जुलैत झिणझिणायला लागते. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहा. साध्या व्हिजिटिंग कार्डाइतकी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. फट उरलीच नसेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, पाव फेरा सैल करा, फार असेल तर पाव फेरा आवळा, आणि एक दिवस थांबा. एका बैठकीत पूर्ण फेरा देऊ नका. हा विषय इथेच सोडतो, कारण माझी तक्रार वेगळी होती.

माझा आवाज फक्त अँपमधून येत होता. तो ओळखायची एक सोपी खूण आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ. तिच्यामुळे येणाऱ्या घरघरीत ५० आणि तिच्या पटीतले १००, १५० असे सूर मिसळलेले असतात. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की ९८ हर्ट्‌झचा सूर मिळतो. घरघर ऐकत तो सूर वाजवून पाहा. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळली, पण किंचित चढी वाटली, तर तुम्ही घरातली वीजच ऐकताय. माझी अगदी तशी जुळली.

<b>तीन वेळा बरी झालेली घरघर</b>

पहिल्या वेळी गिटार दुरुस्तीच्या एका दुकानात नेली. त्यांनी उघडली, एक वायर पुन्हा सोल्डर केली, घरघर गेली. दीड-दोन महिन्यांनी परत आली. दुसऱ्या वेळी वाटलं केबल खराब असेल. नवी, जाड, चांगली केबल आणली. ती लावताना गिटारवरचा जॅक, म्हणजे केबल खुपसायची जागा, सैल दिसला म्हणून तोही काढून आवळला. घरघर गेली. दिवाळीनंतर परत आली. तिसऱ्या वेळी मी सरळ तिन्ही पिकअप बदलले. गिटारच्या निम्म्या किमतीचे पिकअप. घरघर गेली, आवाजही सुधारला, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की स्वस्त गिटारचे पिकअपच वाईट असतात. गणपतीत मंडळाच्या मांडवात वाजवायला उभा राहिलो आणि पहिल्या गाण्याच्या मध्येच तीच घरघर, पूर्वीपेक्षा मोठी.

मधल्या काळात माझा संशय मागांवरही होता. मोटारींमुळे लाईन खराब होत असणार, असं मी धरून चाललो होतो. शेजाऱ्यांना कधी बोललो नाही, पण मनात ते होतं. मागांना सुट्टी होती त्या दिवशी मुद्दाम गिटार लावून पाहिली. आवाज जसाच्या तसा. हे मी पहिल्याच वर्षी करून पाहायला हवं होतं.

<b>बोट कुठे लावल्यावर काय होतं</b>

मीटर हातात घेण्याआधी फक्त बोटाने बरंच कळतं. मात्र अँप तीन पिनांच्या खऱ्या अर्थिंगवर असल्याची खात्री नसेल तर आधी खालचा अर्थिंगचा भाग वाचा, मग हे करा.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी घरघर पूर्वीइतकीच राहिली तर दोष पिकअपांत नाही. केबलची बाहेरची जाळी तुटलेली असेल, जॅकचा अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी, सुटला असेल किंवा अँपच घरघरत असेल. गिटारकडचं टोक काढून अँप नुसत्या केबलने ऐका, मग केबलही काढून ऐका. कुठल्या पायरीला आवाज जातो ते लिहून ठेवा.

व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर घरघर गेली तर व्हॉल्यूम पूर्ण वर न्या आणि गिटार छातीशी धरून, तारांना हात न लावता ऐका. मग तारांवर तळहात ठेवा. ठेवताच आवाज बराच खाली आला, तर तारांचा अर्थ शाबूत आहे. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. हात लावल्यावर आवाज थांबतो म्हणजे गिटार नादुरुस्त आहे असं वाटतं. खरं तर आपलं शरीर घरातल्या वायरींमधून येणारा विजेचा गोंगाट अँटेनासारखा गोळा करतं आणि तो जवळच्या पिकअपांना आणि वायरींना देतं. तारांना हात लावला की शरीर गिटारच्या अर्थला जोडलं जातं आणि अँटेना गप्प बसते. सिंगल कॉइलच्या गिटारवर थोडं असं होणारच.

तारांना हात लावून काहीच फरक पडला नाही, पण केबलच्या पिनेच्या धातूला किंवा जॅकच्या नटला बोट लावल्यावर आवाज खाली आला, तर तारांपासून जॅकपर्यंतचा अर्थ कुठेतरी तुटलाय. माझ्या गिटारचं हेच चाललं होतं. कधी तारांना हात लावून थांबायची, कधी नाही. ही 'कधी' फार महत्त्वाची होती आणि मी तीन वर्षं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आणि तारांना हात लावल्यावर आवाज वाढला तर वाजवणं तिथेच थांबवा. बहुधा जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. निपाणीच्या एका मुलाने जॅक बदलून घेतला होता, त्यात हेच झालं होतं. ६.३५ मिलिमीटरच्या मोनो जॅकमध्ये आतली गोल नळी, जी पिनेच्या बुडाला लागते, ती अर्थची. लांब वाकडी जीभ, जी पिनेच्या टोकावर बसते, ती आवाजाची. या दोघींची अदलाबदल झाली की सगळ्या तारा आवाजाच्या बाजूला जोडल्या जातात.

शेवटची परीक्षा, जागेवर उभं राहून हळूहळू गोल फिरणं. एका दिशेला तोंड केल्यावर आवाज कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त होत असेल, तर तो भाग चुंबकीय क्षेत्राचा आहे. अँपचा ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, शेजारची मोटार, असं काही असेल. त्याला सोल्डर लावून उपयोग नाही, लांब सरकणं हाच उपाय.

<b>तारेपासून जॅकपर्यंतचा रस्ता</b>

गिटारच्या पाठीवर सहा स्क्रूंचं एक प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढलं की स्प्रिंगा दिसतात. स्प्रिंगांचं एक टोक ब्रिजच्या ठोकळ्यात आणि दुसरं टोक एका पोलादी पट्टीत अडकवलेलं असतं. या पट्टीला क्लॉ म्हणतात. दोन लांब स्क्रूंनी ती लाकडात बसवलेली असते. तिच्यावर एक वायर सोल्डर केलेली दिसेल, बहुतेक काळी. ती लाकडातल्या भोकातून पुढच्या बाजूला जाऊन व्हॉल्यूम पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीला लागते आणि तिथून जॅकला.

म्हणजे तारेचा अर्थ असा चालत जातो: तार, सॅडल (ब्रिजवर तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा), ब्रिजची प्लेट, ठोकळा, स्प्रिंग, क्लॉ, वायर, पॉटची पाठ, जॅकची नळी. यातली एक जागा सुटली की तारांना हात लावून काही होत नाही.

साधा डिजिटल मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो घ्या, पण त्याच्या टिंग आवाजावर विसंबू नका. पंचवीस-तीस ओहम असले तरी अनेक स्वस्त मीटर टिंग करतात. २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आकडा वाचा. आधी दोन्ही काड्या एकमेकींना टेकवा, ०.३ ते ०.५ दिसेल. तो काड्यांच्या वायरींचा स्वतःचा विरोध, तो मनातल्या मनात वजा करायचा. मग एक काडी तारेवर, दुसरी जॅकच्या नळीवर. वजाबाकीनंतर एक ओहमच्या आत आकडा हवा.

माझ्या गिटारचा आकडा चांगला आला. ०.६. मी निराश झालो, कारण याचा अर्थ तिथे काही दोष नाही. मग एका काठीने क्लॉवरची काळी वायर हलकेच ढकलली. आकडा ०.६ वरून ४० वर गेला, मग मीटरच्या डाव्या कोपऱ्यात एकटा १ राहिला, म्हणजे संपर्क पूर्ण तुटला. वायर परत सोडली, ०.६.

तिथे बसल्या बसल्या मला मागचे तिन्ही उपाय समजले. पहिल्या वेळी दुकानदाराने हीच जागा पुन्हा सोल्डर केली होती. दुसऱ्या वेळी जॅक काढताना आतल्या वायरी ओढल्या गेल्या. तिसऱ्या वेळी पिकअप बदलायला पुढची सगळी प्लेट उचलली, तिच्याबरोबर ही काळी वायरही ओढली गेली. दर वेळी वायर थोडी हलली, सोल्डरच्या गोळ्याखाली धातूला पुन्हा टेकली, आणि मला वाटलं मी केलेला उपाय लागू पडला. केबल चांगली होती, जॅक ठीक होता, जुने पिकअपही ठीक होते. नंतर जुन्या पिकअपांवर मीटर लावून पाहिला, तिन्ही सहा हजार ओहमच्या आसपास, म्हणजे अगदी निरोगी.

<b>दाजींचं कोल्ड शट</b>

माझे दाजी उद्यमबागेत फौंड्रीत काम करतात. रविवारी जेवायला आले होते तेव्हा गिटार टेबलावर उघडीच होती. मी त्यांना तो गोळा दाखवला. त्यांनी नखाने टोचला आणि अख्खा गोळा वायरीसकट उचलला गेला. खाली क्रोमची पट्टी आरशासारखी स्वच्छ.

"हे चिकटलंच नाही की," दाजी म्हणाले. "नुसतं वर बसलंय. आमच्याकडं ह्याला कोल्ड शट म्हणतात."

साच्यात लोखंडाचा रस दोन बाजूंनी येऊन मध्ये भेटतो. रस भेटेपर्यंत थंड झालेला असेल तर दोन्ही बाजू एकमेकींना लागतात पण एकजीव होत नाहीत. बाहेरून माल सलग दिसतो, निरखून पाहिलं तर केसासारखी रेघ असते, आणि हातोडा बसला की तिथेच तुटतो. दाजींनी ते असं सांगितलं की मला सोल्डरची गोष्ट जन्मात पहिल्यांदा नीट कळली. सोल्डरिंगच्या माणसाला वाटतं सोल्डर वितळला की काम झालं. साधा ६०/४० (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतो, ते सोपं आहे. ज्याच्यावर तो लावायचा ती पट्टी तितकी तापली पाहिजे. क्लॉ जाड पोलादाचा, त्याला तीन-चार स्प्रिंगा लागलेल्या, दोन लांब स्क्रू लाकडात. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता ही सगळी मंडळी पिऊन टाकतात. वर क्रोमचा मुलामा, आणि क्रोमवर सोल्डर धरत नाही. दुकानदारानेही, आणि त्याआधी कारखान्यातल्या माणसानेही, बहुधा छोट्या आयर्नने क्रोमवर गोळा ठेवला होता.

मग आम्ही दोघांनी मिळून केलं ते असं. तारा पूर्ण सैल करून स्प्रिंगा काढल्या आणि क्लॉचे स्क्रू काढून तो बाहेर घेतला, म्हणजे उष्णता लाकडात आणि स्प्रिंगांत जाणार नाही. ज्या कोपऱ्यावर वायर लावायची तिथला क्रोम कानशीने खाली करडं पोलाद दिसेपर्यंत घासला, पाच-सहा मिलिमीटरचा चौकोन. ते स्पिरिटने पुसलं. साठ वॅटचं, रुंद टोकाचं आयर्न घेतलं आणि टोकाला चिमूटभर सोल्डर लावून ते पट्टीवर दाबून धरलं. सोल्डरची तार आयर्नला न लावता बाजूच्या पोलादाला लावत राहिलो. सुरुवातीला काही नाही. मग एका क्षणी सोल्डर पाण्यासारखा पसरला आणि पोलादावर पातळ, चकचकीत थर झाला. हा पसरण्याचा क्षण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गोळा होऊन फुगीर राहिला तर पट्टी तापलेली नाही. वायरचं टोक वेगळं सोल्डर लावून घेतलं, मग थरावर ठेवून पुन्हा तापवलं, आणि आयर्न उचलल्यावर सोल्डर गोठेपर्यंत वायर अजिबात हलू दिली नाही. गोठताना हलली तर वरचा पृष्ठभाग मळकट, दाणेदार होतो, तो पुन्हा तापवावा लागतो.

नळकामाला वापरतात ती आम्लाची पेस्ट इथे लावू नका. सोल्डर झकास धरतो, पण उरलेलं आम्ल ओल धरून धातू खातं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलीची कमतरता नाही. आत राळ असलेली सोल्डरची तार पुरते.

क्लॉ परत बसवताना वायर ताणलेली ठेवू नका. ब्रिजची दांडी वापरली की स्प्रिंगा हलतात, त्यांना घासून वायर तुटते. एक सैल वळसा ठेवा.

ज्यांच्याकडे मोठं आयर्न नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि मला तो कमी दर्जाचा वाटत नाही. इलेक्ट्रिशियन वापरतात तसं गोल भोकाचं थिंबल वायरला पक्कं दाबून लावा, क्लॉचा एक स्क्रू काढा, थिंबल आणि दातेरी वॉशर त्यात घालून स्क्रू परत आवळा. दाते क्रोम खरवडून धातूत रुततात. सोल्डर लागतच नाही. काळ्या रंगाचा ब्रिज असेल तर मात्र स्प्रिंगेची टोकं, ठोकळ्याची भोकं आणि सॅडलच्या खालची जागा तपासा. तो रंग वीज अडवतो. तार ते ठोकळा, ठोकळा ते क्लॉ, क्लॉ ते जॅक असे तुकडे पाडून मीटर लावला की रंग कुठे आडवा येतो ते पाच मिनिटांत कळतं. तिथे खरवडा.

जोडल्यावर मीटर लावला, ०.५. काड्यांचे ०.३ गेले की ०.२. मग काठीने वायर सगळ्या बाजूंनी ढकलली, क्लॉवर बोटाने टकटक केलं, दांडी दहा वेळा दाबली. आकडा हलला नाही. दुरुस्ती झाली की नाही हे मी आता आवाजावरून ठरवत नाही, हलवून आकडा स्थिर राहतो का यावरून ठरवतो.

<b>उरलेली झर्रऽऽ</b>

मोठी घरघर गेल्यावर तिच्याखाली दडलेला एक वेगळा, कोरडा झर्रऽऽ आवाज ऐकू यायला लागला. तारांवर हात ठेवला की कमी व्हायचा, पूर्ण जायचा नाही. एका संध्याकाळी करंट गेला. बॅटरीवरचा छोटा अँप होता, त्यावर गिटार लावली तर शांतता, नुसती तार वाजते. करंट आल्यावर त्याच बॅटरीच्या अँपवर झर्रऽऽ परत. म्हणजे गिटार आणि अँप दोन्ही निर्दोष, आवाज घरातून. मग एकेक बटण बंद करत गेलो. पंखा बंद केल्यावर गेला. पंखा पूर्ण वेगाने लावला तरी नव्हता, मधल्या वेगावर होता. गोल फिरवून हवा तेवढा वेग ठेवायचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मध्येच कापतो, त्या कापण्याचा हा आवाज. पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला आणि झर्रऽऽ संपला. पिकअपांना घातलेल्या पैशांपुढे ही रक्कम काहीच नव्हती. स्वस्त इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांनाही असाच कर्कश आवाज येतो, कारण त्याची लाट चौकोनी असते. तिथे करंट यायची वाट पाहणं बरं.

यानंतरही सिंगल कॉइलची बारीक गुणगुण उरतेच. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी नेऊन पाहा. मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट चुंबकाचा असेल तर तिथे दोन कॉइल एकमेकींची गुणगुण खोडतात. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, तोही याच तत्त्वावर चालतो. ती जास्त खुपत असेल तर पुढच्या प्लेटखालची पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा. पट्ट्यांच्या जोडांवर सोल्डरचे थेंब द्या, कारण प्रत्येक पट्टीचा गोंद वीज वाहेलच असं नाही, आणि सगळं तांबं एका वायरने पॉटच्या पाठीला जोडा. जॅकची लांब जीभ तांब्याला टेकणार नाही याची काळजी घ्या, तिच्यासमोर इन्सुलेशन टेप लावा. खानापूरच्या एका मित्राची गिटार तांबं लावल्यावर पूर्ण मुकी झाली होती, ती याच कारणाने. मात्र हे काम अर्थ पक्का झाल्यावर करायचं. तांबं ज्या अर्थला जोडायचं तोच डळमळीत असेल तर ते नुसती सजावट.

पावसाळ्यातला खरखराट ही साधी गोष्ट आहे. पॉट फिरवताना खर्र आवाज आला तर पायांच्या वरच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनर मारा आणि पंचवीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खोबरेल किंवा रॉकेल नको, धूळ धरून ठेवतं. जॅकच्या नळीत स्पिरिटमध्ये भिजवलेला कागद गुंडाळून फिरवा, जीभ सैल वाटली तर किंचित आत वाकवा. आणि गिटार ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

<b>अर्थिंग</b>

हा भाग मी शेवटी ठेवला असला तरी माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. तारांचा अर्थ आपण पक्का केला, म्हणजे तारा आता अँपच्या धातूच्या पेटीला थेट जोडल्या गेल्या. पेटीत वीज उतरली तर ती तारांत येते, आणि तारांवर आपला हात असतो.

आमच्या जुन्या घरात तीन भोकांचा सॉकेट होता, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच नव्हती. वडगाव-शहापूरच्या जुन्या घरांत मी हे बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. आताच्या बहुतेक अँप आणि साउंडच्या मिक्सरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पेटीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यांतून येणारी किरकोळ वीज तिकडे जाते. अर्थ नसेल तर पेटी २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. वीज कमी असते, मुंग्या येतात. पण आत इन्सुलेशन फाटलं असेल तर मुंग्यांवर थांबत नाही, आणि बाहेरून दोन्हींत फरक कळत नाही.

मांडवात गिटारचा अँप एका लाईनवर आणि गाण्याचा मिक्सर दुसऱ्या लाईनवर असतो. तारांवर हात आणि माइकच्या जाळीला ओठ लागले की दोन लाईनींच्या मध्ये माणूस. वाजवायच्या आधी मीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून एक काडी तारेला, दुसरी माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर माइकजवळ जाऊ नका, साउंडवाल्याला दोन्ही एकाच, अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्यायला लावा. घरघर कमी व्हावी म्हणून पिनेचा तिसरा पाय तोडणारे लोक आहेत. त्याने कधी कधी घरघर खरंच कमी होते. तरीही कृपा करून तोडू नका.

घरी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घ्या आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. आमच्याकडे अर्थचा खड्डा नव्याने केला. इथल्या लाल जांभ्या जमिनीत पाऊस मुरून जातो आणि एप्रिल-मेपर्यंत वरची माती कोरडी ठणठणीत होते, कोरड्या मातीत अर्थचा विरोध वाढतो. म्हणून उन्हाळ्यात आई तुळशीला पाणी घालते तेव्हा एक तांब्या त्या खड्ड्यातही ओतते.

काळ्या वायरीचा आकडा मी दर महिन्याला झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो. आत्तापर्यंत अकरा आकडे आहेत, सगळे ०.५ किंवा ०.६, त्यांत पावसाळ्याचे चारही महिने आले. झाकण लावताना सहापैकी दोनच स्क्रू लावतो, म्हणजे उघडायचा कंटाळा येत नाही.